धाकट्या बहिणीला ऑटोइम्यून हिपॅटायटिस, सोबत रक्ताचाही तसाच आजार. कुणाला अनुभव आहे का?

कृष्णाकाठ
१९ नोव्हेंबर, रात्री ११:२०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज मदत हवी म्हणून धागा काढतेय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण, वय २६. ऑगस्टमध्ये दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि दोन्ही नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके उठले. बोटाने दाबले तरी फिके होईनात. गावातल्या दवाखान्यात प्लेटलेट १४,००० निघाल्या आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताला सूज आली की वाढणारा रक्तातला आकडा, १८०. पावसाळ्याचे दिवस, गल्लीत दोन घरी डेंग्यू, म्हणून हिलाही डेंग्यूच असं ठरलं. तपासणी निगेटिव्ह होती, एक दिवसही ताप नव्हता, हे आम्ही सांगत राहिलो. सलाईन चालू झालं. घरी पपईच्या पानांचा रस. तो ती प्यायची आणि ओकायची. आठवड्याने प्लेटलेट ९,००० वर आल्या तेव्हा तिला पुण्याला हलवलं.

पुण्यात रक्तविकाराच्या डॉक्टरांनी आयटीपी असल्याचं सांगितलं. शरीर स्वतःच्याच प्लेटलेटविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि प्लीहा त्या प्लेटलेट गिळून टाकते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, रोज ४० मिलिग्रॅम, चार दिवस. प्लेटलेट ९६,००० झाल्या, एसजीपीटीही ५५ वर उतरला. आम्ही देवापुढे साखर ठेवली. त्या एसजीपीटीकडे नंतर कुणी पाहिलं नाही. आम्हीही नाही.

वसुबारसेच्या दिवशी ती मागच्या दारात उन्हात बसून कातण्याने शंकरपाळ्या कापत होती. आई समोर होती. आईने एकदम तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि काही न बोलता परात बाजूला सरकवली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, ६.२, एसजीपीटी ७४०, हिमोग्लोबिन ७.१. हिपॅटायटिस ए, ई, बी, सी सगळे निगेटिव्ह. तांबड्या पेशींना अँटिबॉडी चिकटल्यात का ते सांगणारी कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह. आयजीजी, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींचा आकडा, ३,१००, जे साधारण १,६०० च्या आत असावं लागतं. एएनए आणि स्मूथ मसल अँटिबॉडी, स्वतःच्याच शरीराविरुद्धच्या, दोन्ही पॉझिटिव्ह. प्लेटलेट ४२,००० आणि रक्त गोठायलाही वेळ लागत होता, त्यामुळे बायोप्सी बरगडीखालून सुई घालून न करता मानेच्या शिरेतून केली. निदान ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे शरीर स्वतःच्याच यकृतावर हल्ला करतं आणि त्याला सूज येते. शिवाय तांबड्या पेशी आणि प्लेटलेट दोन्हींवर अँटिबॉडींचा हल्ला, त्याला इव्हान्स सिंड्रोम म्हणतात म्हणे.

आता प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम चालू आहे. एसजीपीटी ३१० वर आलाय, हिमोग्लोबिन ८.९. प्लेटलेट मात्र ३१,००० च्या वर सरकत नाहीत. रक्ताचे डॉक्टर एल्ट्रॉम्बोपॅग नावाची गोळी सुरू करूया म्हणतात. यकृताचे डॉक्टर म्हणतात, ती गोळी मला नको. दोघेही चांगले आहेत, पण दोघांच्या फायली वेगळ्या, ओपीडीचे दिवस वेगळे, आणि निरोप्या मी. परवा मी एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगताना चुकीचा आकडा सांगितला आणि रात्रभर झोपले नाही.

हे दोन्ही आजार एकत्र असलेलं कुणी आहे का? आणि दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडली की तुम्ही काय केलंत?

डोंबिवली_स्लो
२० नोव्हेंबर, सकाळी ६:४८

कृष्णाकाठ, आधी बहिणीला माझ्याकडून सांग की हा आजार घेऊन माणूस जगतो, नोकरी करतो, लग्नकार्यांत नाचतो. मला ऑटोइम्यून हिपॅटायटिस होऊन ११ वर्षं झाली. रक्ताचा भाग माझ्याकडे नाही, त्याबद्दल बाकीचे लिहितील.

पहिले तीन महिने स्टेरॉइडचे असतात आणि ते कठीण जातात. चेहरा असा भरतो की लोकलमधल्या रोजच्या बायका मला ओळखेनात. रात्री दोनला टक्क जाग, भांडी घासत बसायचे. रडू कशावरूनही. हे सगळं औषधाचं आहे, स्वभाव बदललेला नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेव. माझ्या सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना वाटलं मी त्यांच्यावर चिडलेय. नंतर डोस उतरला तसा चेहराही उतरला.

दुसरं, गोळी स्वतःहून बंद करायची नाही. मी केली. तीन वर्षं सगळे रिपोर्ट छान होते, बाळाचा विचार होता, "आता कशाला" म्हणून डॉक्टरांना न विचारता प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, अ‍ॅझाथायोप्रिन सोडली. पाच महिन्यांत एसजीपीटी ९०० आणि परत पहिल्यापासून सगळं. पुढे डॉक्टरांनीच समजावलं की बाळासाठी अ‍ॅझाथायोप्रिन थांबवावी लागत नाही, उलट आजार उसळला तर आई-बाळ दोघांना धोका. मुलगा आता शाळेत जातो.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, फोन करूनही बोलू.

सातपुडा
२० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

माझ्या वडिलांच्या प्लेटलेट ६०,००० असायच्या. आम्ही वर्षभर आयटीपी धरून चाललो. शेवटी सोनोग्राफीत प्लीहा १७ सेंटिमीटर निघाली. यकृत जून होऊन आकसलं होतं आणि रक्त प्लीहेत तुंबत होतं, प्लेटलेट तिथेच अडकत होत्या. बहिणीची प्लीहा किती आहे ते रिपोर्टमध्ये बघा. काळजी घ्या.

वडाचा_पार
२० नोव्हेंबर, दुपारी २:४०

मी फिजिशियन आहे, तीस वर्षं जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. इथे बसून औषध सांगणार नाही, ते चुकीचं होईल. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं हे कळलं तर तुमचं ओझं थोडं कमी होईल, म्हणून लिहितो. सातपुडा यांनी लाखमोलाचं सांगितलं आहे, तिथूनच सुरू करतो.

यकृताच्या रुग्णात प्लेटलेट कमी होण्याला एकच वाट नसते. अँटिबॉडीने मारल्या तर कमी होतात. प्लीहा वाढली तर तिथे अडकून कमी होतात. थ्रोम्बोपोएटिन नावाचा जो पदार्थ अस्थिमज्जेला "प्लेटलेट बनव" असा निरोप देतो, तो मुख्यतः यकृतातच बनतो, म्हणून यकृत थकलं की तो निरोपही क्षीण होतो. आणि उद्या अ‍ॅझाथायोप्रिन सुरू झाली की ती मज्जा दाबू शकते, ही आणखी एक शक्यता. प्रत्येक वेळी आकडा तोच दिसणार, ३१,०००. उपाय मात्र पार वेगळे. त्यामुळे "प्लेटलेट का कमी आहेत" हा प्रश्न प्रत्येक भेटीत नव्याने विचारायचा. आयटीपीचं निदान एकदा झालं म्हणून दरवेळी आयटीपीच असेल असं नाही.

काविळीचंही तसंच. तांबड्या पेशी फुटल्या तर इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढतं, यकृत सुजलं तर डायरेक्टही वाढतं. हिच्यात दोन्ही चालू आहे, म्हणून नुसतं एकूण बिलिरुबिन बघून यकृत सुधारलं की बिघडलं ते कळणार नाही. दोन्ही आकडे वेगळे लिहून ठेवा, सोबत एलडीएच आणि रेटिक काउंट, म्हणजे नव्या तांबड्या पेशींचं प्रमाण. एसजीओटी (यकृताच्या तपासणीतला दुसरा आकडा) आणि एलडीएच तांबड्या पेशींतही असतात, पेशी फुटल्या की ते वर जातात. एसजीपीटी त्या मानाने यकृताशी इमानदार. हॅप्टोग्लोबिन नावाचं रक्तातलं प्रथिन कमी आलं तर रक्त फुटतंय असं पुस्तकात असतं, पण हॅप्टोग्लोबिन यकृतच तयार करतं. सुजलेल्या यकृताच्या माणसात ते आधीच कमी असू शकतं.

एक गोष्ट नक्की विचारा: विल्सनचा आजार तपासला का? तिशीच्या आतल्या मुलीत यकृत आणि रक्त एकदम बिघडलं की शरीरात तांबं साठण्याचा हा आजार वगळावाच लागतो. त्यातही तांबड्या पेशी फुटतात, पण कूम्ब्स निगेटिव्ह येते. हिची पॉझिटिव्ह आहे, बायोप्सीही बोलकी आहे, म्हणजे शक्यता कमीच. तरी रक्तातलं सेरुलोप्लास्मिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि स्लिट लॅम्पवर डोळ्यांची तपासणी, एवढं एकदा होऊन जावं. विल्सनचा उपचार अगदी निराळा आहे, तो चुकला तर भरून निघत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. एल्ट्रॉम्बोपॅग ही गोळी त्या थ्रोम्बोपोएटिनचं काम करते, मज्जेला प्लेटलेट बनवायला लावते. आयटीपीत चांगली चालते. पण ती एसजीपीटी वाढवू शकते, अमेरिकेतल्या तिच्या माहितीपत्रकात यकृताबद्दलचा इशारा चौकटीत छापलेला असतो. जुनाट यकृतविकार असलेल्यांत तिच्यामुळे यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी झाल्याचंही आढळलेलं आहे. शिवाय गोळी सुरू असताना एसजीपीटी वाढला, तर तो गोळीचा की आजार उसळल्याचा हे ठरवणं अवघड होईल. म्हणजे यकृताच्या डॉक्टरांची भीती खरी. आणि ३१,००० वर अडकलेल्या मुलीला काहीतरी द्यायला हवं हे रक्ताच्या डॉक्टरांचं म्हणणंही खरं. दोन्ही आजारांना एकदम लागू पडेल असा उपाय आहे का, हे त्या दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं आहे. तुम्ही निरोप्या होऊ नका. दोघांनाही सांगा, "सर, आपण त्यांना एक फोन कराल का? मी इथेच थांबते." मला कुणी असं सांगितलं तर मी करतो फोन. बहुतेक जण करतील.

कृष्णाकाठ
२० नोव्हेंबर, रात्री १०:०५

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. प्लीहा १३.५ लिहिली आहे, म्हणजे थोडी वाढलेली. सेरुलोप्लास्मिन केल्याचं कुठे दिसत नाही. उद्याच विचारते.

आईने विचारलंय म्हणून लिहिते. तिच्या माहेरून गुळवेलीचा काढा आणि काविळीची माळ आली आहे. माळ जसजशी वाढत खाली येते तशी कावीळ उतरते म्हणतात. माळेला मी नाही म्हटलं नाही. काढ्याचं काय?

रानवारा
२० नोव्हेंबर, रात्री १०:५०

ताई, गुळवेल द्यायला हरकत नाही असं मला वाटतं. आमच्याकडे आजोबांपासून देतात, प्रतिकारशक्ती वाढते. आमच्या घरी कोविडमध्ये सगळ्यांनी घेतली.

वडाचा_पार
२१ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

रानवारा, तुम्ही आपुलकीने सांगताय हे कळतं. पण हिच्या बाबतीत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. ती स्वतःच्याच यकृतावर आणि रक्तावर उलटली आहे, तिला आणखी चेतवायचं नाही. कोविडच्या काळात घरोघर काढे सुरू झाले आणि त्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांबद्दल मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं. सुजेचं रूप ऑटोइम्यूनसारखं होतं. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने पहिल्या लेखावर आक्षेप घेतला होता, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असं त्यांचं म्हणणं. तो वाद तज्ज्ञ मिटवतील. पण जिला ऑटोइम्यून हिपॅटायटिस आहे हे बायोप्सीने सिद्ध झालंय, तिला गुळवेल द्यायची नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कृष्णाकाठ, आईंना दुखवू नका. माळ गळ्यात राहू दे. नाकात थेंब घालणं, डाग देणं आणि कुठल्याही पुड्या, यांना मात्र ठाम नकार. नाकात थेंब घातल्यावर पिवळं पाणी गळतं ते नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेची आग होऊन. ३१,००० प्लेटलेट असताना तिथून रक्त सुरू झालं तर थांबवणं कठीण.

रानवारा
२१ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

हे माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. ताई, नका देऊ.

रक्तपेढी_रात्रपाळी
२२ नोव्हेंबर, पहाटे ३:३५

आत्ता काम जरा थांबलंय म्हणून लिहितो. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, १७ वर्षं. यकृताचं मला कळत नाही. कूम्ब्स टेस्ट मात्र रोज हाताने करतो, ती काय असते ते सांगतो, कारण नातेवाईक कागदावर "पॉझिटिव्ह" वाचून घाबरतात आणि समजावून कुणी सांगत नाही.

पेशंटच्या तांबड्या पेशी आम्ही सलाईनने तीनचार वेळा धुतो, म्हणजे मोकळ्या अँटिबॉडी निघून जातात, पेशींना चिकटलेल्या तेवढ्या उरतात. मग त्यात कूम्ब्स सीरमचे थेंब टाकून नळी फिरवायची. तळाशी लाल गुंडी बसते. आता नळी उजेडासमोर धरून बोटाने हळूच टिचक्या मारायच्या. निरोगी माणसाची गुंडी धुरासारखी विरून जाते. ज्याच्या पेशींना अँटिबॉडी चिकटल्यात त्याची गुंडी विरत नाही, तुकड्यातुकड्यांनी सुटते, कधी तर अख्खीच निघून तरंगते. अशी नळी हातात आली की मी समजतो, आता या पेशंटसाठी रक्त शोधताना रात्र जाणार.

कारण क्रॉस मॅच, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघणं. हिच्या अँटिबॉडी हिच्याच नाही, जवळजवळ सगळ्यांच्याच तांबड्या पेशींना चिकटतात. म्हणून कुठलीही पिशवी लावा, जुळत नाही असंच येतं. नातेवाईक गावातून २० दाते घेऊन येतात, तरी जुळत नाही. तेव्हा दाते शोधून उपयोग नसतो. आम्हाला शोधायचं असतं ते हे, की या गदारोळाखाली दुसरी एखादी खरी धोकादायक अँटिबॉडी लपली आहे का, जी पूर्वी रक्त चढवल्यामुळे किंवा बाळंतपणामुळे तयार होते. ती नाही अशी खात्री पटली की सगळ्यांत कमी विरोध दाखवणारी पिशवी देतात, सावकाश, कुणीतरी पेशंटजवळ बसून. हिमोग्लोबिन फार खाली गेलं असेल तर "जुळत नाही" म्हणून रक्त अडवून धरणं जास्त धोक्याचं.

तर ताई, बहिणीला आजवर कधी, कुठे, किती पिशव्या दिल्या ते एका कागदावर लिहून तो कायम सोबत ठेवा. दुसऱ्या गावी, दुसऱ्या रक्तपेढीत रात्री जायची वेळ आली तर तो कागद आमचे दोन तास वाचवतो. अवघड केस असेल तर मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटोलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, असल्या अँटिबॉडींचं काम तिथे चालतं.

जाता जाता. ही टेस्ट १९४५ मध्ये केंब्रिजला कूम्ब्स, मुरंट आणि रेस या तिघांनी मांडली. कूम्ब्स मूळचे जनावरांचे डॉक्टर. लंडनहून केंब्रिजला परतताना युद्धकाळातल्या अंधुक दिव्याच्या रेल्वे डब्यात त्यांना ही कल्पना सुचली. मी टिचकी मारताना कधीकधी तो डबा डोळ्यांपुढे आणतो.

डोंबिवली_स्लो
२२ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

रात्रपाळी, लोकलमध्ये उभ्याने वाचलं. तुम्हाला नमस्कार.

चिमणीची_आई
२३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

या विषयावर मराठीत कुणी बोलताना पहिल्यांदाच पाहतेय.

माझी मुलगी नऊ महिन्यांची असताना आधी फिकी पडली, मग पिवळी. पांढऱ्या लंगोटावर हळद सांडल्यासारखे डाग. कूम्ब्स पॉझिटिव्ह. महिन्याने यकृताची बायोप्सी केली, त्यात जायंट सेल हिपॅटायटिस, म्हणजे यकृताच्या पेशी एकमेकींत मिसळून मोठाल्या झालेल्या. ऑटोइम्यून रक्तक्षय आणि हे यकृत, अशी जोडी एक महिना ते दोन वर्षांच्या बाळांत दिसते, फार क्वचित. मोठ्यांच्या ऑटोइम्यून हिपॅटायटिसपेक्षा हे वेगळं आहे, अँटिबॉडीच इथे यकृताचंही नुकसान करते असं आम्हाला सांगितलं. स्टेरॉइड कमी केलं की दरवेळी आजार उलटायचा. शेवटी रिटुक्सिमॅब दिलं. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या आधीच्या पिढीवर, बी पेशींवर, ते औषध काम करतं. यकृत बदलायची वेळ आली तर नव्या यकृतातही हा आजार येऊ शकतो, हे ऐकलं त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून राहिले होते.

ती आता सहा वर्षांची आहे. काल शाळेत संमेलनासाठी कोळीगीत बसवलंय, त्याची तालीम झाली.

कृष्णाकाठ, खर्चाचं: रिटुक्सिमॅब आणि आयव्हीआयजी दोन्ही महाग. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या रुग्णालयात नेमकं काय बसतं ते आरोग्यमित्राला औषध सुरू व्हायच्या आधी विचारा. आमचं नंतर विचारून राहून गेलं.

वडाचा_पार
२३ नोव्हेंबर, रात्री ९:००

आयव्हीआयजीचा उल्लेख आला म्हणून भर घालतो, हे एरवी राहून जातं. हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी म्हणजे आयव्हीआयजी. रक्तस्राव होत असेल तर प्लेटलेट लवकर वाढवायला ते देतात. पण ते दिल्यावर रक्तातला आयजीजीचा आकडा अर्थातच वाढतो, आणि आपण तर यकृताचा आजार किती जागा आहे हे त्याच आकड्यावरून जोखतो. शिवाय दात्यांच्या अँटिबॉडीमुळे हिपॅटायटिस बीची एक तपासणी काही महिने खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून आयजीजी आणि हिपॅटायटिस बीचं रक्त आयव्हीआयजीच्या आधी काढून ठेवायचं. रिटुक्सिमॅबच्या आधी तर एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या हिपॅटायटिस बीच्या दोन्ही तपासण्या हव्यातच, कारण दबून बसलेला बी विषाणू त्या औषधाने उठू शकतो. क्षयाची तपासणीही.

ऑगस्टमध्ये काय झालं तेही यातून कळेल. प्लेटलेटसाठी डेक्सामेथासोन दिलं आणि एसजीपीटीही उतरला. स्टेरॉइडने नकळत यकृताची सूज दाबली आणि निदान तीन महिने लांबलं. यात कुणाला दोष देत नाही, माझ्याही हातून होऊ शकलं असतं. पण आयटीपीच्या प्रत्येक रुग्णात एसजीपीटी वाढलेला असेल तर स्टेरॉइडच्या आधी दोन नळ्या जास्त रक्त काढून ठेवा, हे मी आता माझ्या ज्युनियरना सांगतो.

आणखी एक. स्टेरॉइडने साखर वाढते, म्हणून एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, करतील. ही तपासणी तांबडी पेशी चार महिने जगते या हिशेबावर उभी आहे. हिच्या पेशी लवकर मरताहेत, त्यामुळे साखर वाढलेली असूनही एचबीएवनसी चांगला दिसेल. जेवणाआधीची आणि नंतरची साखर बघा.

कृष्णाकाठ
२ डिसेंबर, रात्री ९:४५

तुम्ही म्हणालात तसं केलं. रक्ताच्या डॉक्टरांसमोर बसून म्हटलं, सर, तुम्ही यकृताच्या सरांशी बोलाल का, मी बाहेर थांबते. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. नऊ मिनिटं बोलले. इतके दिवस मी जे पोहोचवत होते त्यातलं अर्धं त्या फोनमध्ये आलंच नाही, आणि जे आलं ते मला माहीतच नव्हतं.

ठरलं असं: एल्ट्रॉम्बोपॅग नको. रिटुक्सिमॅब, आठवड्यातून एकदा, चार वेळा. हिपॅटायटिस बी आणि क्षय, दोन्ही तपासण्या निगेटिव्ह. सेरुलोप्लास्मिन आणि लघवीतलं तांबं ठीक, डोळ्यांत तांब्याची कडी नाही, म्हणजे विल्सन नाही. स्टेरॉइड हळूहळू उतरवायचं, फॉलिक अ‍ॅसिड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू. अ‍ॅझाथायोप्रिनच्या आधी टीपीएमटी आणि न्यूडीटी१५ अशा दोन जनुकीय तपासण्या.

पहिला डोस काल झाला. सुरुवातीला थंडी वाजली, थेंबांचा वेग कमी केल्यावर थांबली. पाच तास लागले. तिने आख्खा वेळ माझा हात धरून ठेवला होता, जी मुलगी लहानपणी रस्ता ओलांडतानाही हात सोडवून घ्यायची.

वडाचा_पार
३ डिसेंबर, सकाळी ७:०५

छान ठरलंय. न्यूडीटी१५ सांगितली हे वाचून विशेष बरं वाटलं. त्या जनुकातला बदल आपल्या आशियाई लोकांत जास्त सापडतो, आणि तो असला तर नेहमीच्या डोसलाही मज्जा एकदम बसते. हिच्यासारख्या मुलीत मग पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट का घसरल्या यावरच आठवडे जातील. युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल कुणी दिलं तर अ‍ॅझाथायोप्रिन चालू असल्याचं आधी सांगा, दोन्ही एकत्र धोक्याची. जिवंत विषाणूच्या लसी टाळायच्या. फ्लू आणि न्यूमोकोकल कधी घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील, रिटुक्सिमॅबनंतर काही महिने लस नीट लागत नाही.

ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

कृष्णाकाठ
९ फेब्रुवारी, रात्री ८:३०

धागा वर काढतेय, तुम्हा सगळ्यांना सांगायचं होतं.

प्लेटलेट १,३२,०००. सहाव्या आठवड्यापर्यंत काहीच हललं नव्हतं, मग एकदम ५८,००० आणि तिथून चढत गेल्या. हिमोग्लोबिन ११.४. बिलिरुबिन ०.९. एसजीपीटी ६१, अजून पूर्ण खाली नाही. आयजीजी १,९००. प्रेडनिसोलोन १२.५ वर आलंय, अ‍ॅझाथायोप्रिन ५० जानेवारीत सुरू केली. जनुकीय तपासण्या दोन्ही नॉर्मल, तरी दर पंधरा दिवसांनी रक्त तपासतो. कूम्ब्स अजून पॉझिटिव्हच आहे, पण पेशी फुटत नाहीत. आकड्यांकडे बघा, नुसत्या शब्दाकडे नको, असं डॉक्टर म्हणाले.

रात्रपाळी, तुमचा कागद तयार आहे. रक्तगट, कूम्ब्सचा निकाल, पिशव्या एक, तारीख, रक्तपेढीचं नाव. लॅमिनेट करून तिच्या पर्समध्ये आणि फोटो आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये.

घरी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाच्या जागी आता आई गोळ्या लिहिते. सकाळी सातला तारखेच्या चौकोनात स्टेरॉइडचा आकडा, खाली अ‍ॅझाथायोप्रिनची बरोबरची खूण. रक्त काढायच्या दिवशी लाल गोल. दोन्ही डॉक्टरांना मी त्याच पानाचा फोटो पाठवते, एकच फोटो दोघांना एका वेळी. माळ खिळ्याला टांगली आहे, कॅलेंडरच्या शेजारीच.

चिमणीच्या आई, संमेलन कसं झालं?

चिमणीची_आई
९ फेब्रुवारी, रात्री ९:१२

दुसऱ्या ओळीत होती. डोक्यावरची टोपली दोनदा पडली, दोन्ही वेळा उचलून परत नाचली. १,३२,००० वाचून मी ओट्याशी उभी राहून रडले. बहिणीला सांगा.